फुटाला एक इंच

आमच्या तळमजल्यावरच्या वहिनींना दीड वर्षं वाटत होतं, की आपल्या हातात जोर उरला नाही. तसं नव्हतं. हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. एरवीही मी कमीच बोलतो, लोक म्हणतात, स्वभाव आहे त्याचा. पण ते गप्प बसणं स्वभावातलं नव्हतं.

मी अंधेरीला एका बांधकामाच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. अठ्ठावीस वर्षं जिने, गच्च्या, बाथरूमचे ढाळ कागदावर काढतोय. बोरीवलीतल्या आमच्या चार मजली सोसायटीत मात्र मला सगळे इंजिनीअरच समजतात. नळ गळला तरी माझी बेल वाजते.

वहिनींचे यजमान, आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो, मूळचे कुडाळकडचे. आयुष्यभर लाद्या बसवायचं काम केलं. रोज संध्याकाळी नॅशनल पार्कच्या गेटापर्यंत पायी जाऊन येणारा माणूस. अर्धांगवायूचा झटका आला आणि ते व्हीलचेअरवर आले. इमारतीच्या दाराला सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या. सोसायटीनं रॅम्प करायचं ठरवलं आणि ड्रॉइंग अर्थातच माझ्याकडे आलं.

नियम साधा आहे. एक इंच उंची चढायची तर रॅम्प निदान एक फूट लांब हवा. अठरा इंच चढायचं तर अठरा फूट. दारासमोर सरळ जागा नऊच फूट होती. पुढचे नऊ फूट वळवून घ्यावे लागणार होते, आणि ते वळण बरोबर माझ्या पार्किंगवरून जात होतं.

ती जागा मला चिठ्ठी टाकून मिळाली होती, अकरा वर्षं वाट बघितल्यावर. पुढच्याच महिन्यात सेकंडहँड गाडी घेतली, बायकोनं चाकाखाली लिंबं ठेवली. मी नऊ फुटांचा सरळ रॅम्प काढला. फुटाला दोन इंच चढ. मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी ड्रॉइंग उलटसुलट करून विचारलं, “पुरेल ना रे एवढा?”

“पुरेल,” मी म्हणालो.

दुसरा कुणी विचारणारा नव्हता. कुणाला काय कळणार त्यातलं! रॅम्प झाला. वरून रेलिंग लावलं, पिवळा पट्टा मारला, पेढे वाटले.

तिसऱ्या दिवशी वहिनी भाऊंना फिरवून परत आणत होत्या. निम्म्या चढावर त्यांचा जोर संपला. खुर्ची मागे आली ती त्यांच्या अंगावर. भाऊ वाचले, वहिनींचं मनगट मोडलं. मी धावत गेलो तर त्या खाली बसूनच म्हणत होत्या, “काही नाही हो भावोजी, माझ्याच हातात जोर नाही. वय झालं.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी रिक्षा आणली.

नंतर भाऊ बाहेर पडेनासे झाले. महिन्यातून एकदा डॉक्टरकडे न्यायचं तर आम्ही चौघं खुर्ची उचलून खाली ठेवायचो. एरवी ते खिडकीत. रॅम्पवर सोसायटीतली पोरं सायकली पायडल न मारता सोडायची, सुसाट यायच्या. भाऊ ते बघत बसायचे. आणि प्लॅस्टर निघाल्यावर वहिनींनी एक नवीन सुरू केलं. कोल्ड्रिंकच्या दोन रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून सकाळी खिडकीशी उभ्या राहून त्या वरखाली करायच्या. वीस वेळा, मग तीस वेळा. मी गाडी काढताना एकदा म्हणालोही, “काय वहिनी, व्यायाम जोरात?” त्या हसल्या. “येईल हो जोर. यायलाच पाहिजे.”

त्यानंतर मी गाडी लवकर काढायला लागलो. बाटल्या सुरू व्हायच्या आत.

एका रविवारी डॉक्टरकडून परत आलो. आम्ही उचलायला वाकलो तर भाऊंनी डाव्या हातानं थांबवलं. जीभ अजून जड होती, शब्द एकेक करून यायचे. वहिनींना म्हणाले, “तांब्यो हाड.”

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. भाऊंनी त्यांना ते पाणी रॅम्पच्या वरच्या टोकाला ओतायला सांगितलं. लादीवाले ढाळ असाच बघतात, पाणी सोडायचं आणि ते कसं पळतं ते पाहायचं. पाणी सरळ धावत आलं आणि आमच्या चपलांखाली गेलं. भाऊंनी मान हलवली.

“फुटाक दोन इंच,” म्हणाले. मग, “ह्या कोणी केल्यान?”

“काँट्रॅक्टरनं, दुसरं कोण?” वहिनी म्हणाल्या. “मेल्याला अक्कल नाही.”

बाकीचे तिघं हसले. मीसुद्धा हसलो. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते, रॅम्पपेक्षाही जास्त.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता त्यांच्या दारात उभा राहिलो. वहिनी बाटल्या घेऊनच दार उघडायला आल्या. मी आत गेलो नाही. उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं. अठरा फूट, नऊ फूट, पार्किंग, ‘पुरेल’.

त्यांनी बाटल्या खाली ठेवल्या.

“म्हणजे माझा हात...”

“हाताचा काही दोष नव्हता, वहिनी. त्या चढावर कुणालाही जमलं नसतं.”

“दीड वर्षं, भावोजी.” आवाज चढला नाही त्यांचा. “दीड वर्षं मी स्वतःला शिव्या देतेय. आणि तुम्ही विचारत होतात, व्यायाम जोरात का?”

आतून, खिडकीशी बसलेल्या भाऊंचा आवाज आला.

“गाडी खंय लावतलस आता?”

जागा परत देतो असं मी अजून म्हटलंही नव्हतं, म्हणजे त्यांना आधीच कळलं होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. वहिनी त्यांच्याकडे वळून फिस्कारल्या, “तुम्हाला मस्करी सुचतेय!” पण दार लावलं नाही. ते दार उघडं राहिलं याचे मी उपकार मानतो. लावलं असतं तर ते बरोबरच होतं.

मीटिंगमध्येही सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, “तूच म्हणालास ना पुरेल?” मी म्हटलं, “हो. खोटं बोललो.” कुणीतरी “वाट लावलीस यार” म्हणालं. खरंच होतं. पार्किंगची जागा मी लेखी परत दिली, गाडी विकली, आणि नवा रॅम्प माझ्या खर्चानं.

काम भाऊंनी करून घेतलं. रोज खुर्चीत बसून, सावलीत. लेव्हल काढायला पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी वापरली, तिचं एक टोक त्यांच्या डाव्या हातात, दुसरं माझ्या. दोन्ही टोकांना पाणी थांबतं तिथे खूण करायची, ती एक लेव्हल. पहिल्या दिवशी मी खूण करायला गेलो तर ते ओरडले, “थांब रे! बुडबुडो बघ आधी.” नळीत हवेचा एक लहानसा बुडबुडा होता. “तो रवलो तर नळी खोटा बोलता.” मग नळी बोटानं टिचक्या मारून कशी मोकळी करायची ते दाखवलं. अठ्ठावीस वर्षं मी चढ आकड्यात लिहिला होता. हातात धरून मोजायला त्यांनी शिकवलं, मी त्यांचं एवढं नुकसान केल्यावर. त्यांना माझ्याशी बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

नऊ फूट, मध्ये वळणावर सपाट जागा, मग पुन्हा नऊ फूट. सिमेंट सुकल्यावर भाऊंनी तांब्या मागवला. पाणी या वेळी रेंगाळत उतरलं.

वहिनींनी खुर्चीला कुणालाही हात लावू दिला नाही. भाऊंना घेऊन खाली उतरल्या, सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन फिरल्या आणि चढायला लागल्या. मी बाजूनं चालत होतो, हात मागे बांधून, कारण पुढे ठेवले असते तर खुर्ची धरली असती. वळणावरच्या सपाट जागेत त्या थांबल्या. दोन्ही हात खुर्चीवरून काढले आणि वर धरले. खुर्ची जागेवरच.

“बघा,” भाऊंना म्हणाल्या, “सोडलंय मी.”

मग उरलेले नऊ फूट एका दमात. वर पोचल्यावर धाप लागली होती, पण हसत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “भावोजी, उद्यापासून संध्याकाळी पार्कपर्यंत तुम्ही न्यायचं ह्यांना. गाडी नाही ना आता, चालायचंच आहे तुम्हाला. मला माझी कामं आहेत.”

तेव्हापासून मी नेतो. त्या बाटल्या वहिनींनी फेकल्या नाहीत. एकीत मनी प्लांट लावलाय, खिडकीत. दुसरी खुर्चीच्या पिशवीत असते, भाऊंना वाटेत तहान लागली तर.