बेचाळिसावा नंबर

वयाच्या पन्नाशीत मी सात रस्त्याजवळच्या एका क्लासात प्रोग्रॅमिंग शिकलो. पहिल्या दिवशी तिथल्या मुलांनी मला कुणाचा तरी पालक समजून खुर्ची दिली. दोन महिन्यांत चार ओळी जमल्या आणि मला शिंगं फुटली.

मी सहावीला मराठी शिकवतो. सर नेहमी पुढच्या बाकांवरच्यांनाच उठवतात, अशी पोरांची तक्रार होती आणि ती खरी होती. म्हणून जूनमध्ये शाळा उघडताच मी प्रोग्रॅम लिहिला. बटण दाबलं की एक ते बेचाळीसमधला कुठलाही आकडा येणार आणि त्या हजेरी नंबरानं उठून धडा वाचायचा. "संगणकाला ना कुणी सोयरा, ना वैरी," हे वाक्य मी मुलांना ऐकवलं, मुख्याध्यापकांना ऐकवलं, बायकोला तर दोनदा ऐकवलं.

दिवाळीनंतरच्या पालकसभेत एक आई समोर येऊन बसली. तिची मुलगी मैंदर्गीहून आलेली, प्रवेश सगळ्यांच्या मागून घेतलेला, म्हणून हजेरीतही शेवटची.

"घरात आमी कानडीच बोलतो, सर. तरी पोरगी रोज धडा मोठ्यानं वाचून येती. तुमी तिला एकदाबी उटवलं न्हाई."

"ताई, ते माझ्या हातात नाही. नशिबाचा भाग आहे."

"पाच महिने व्हय?"

बाईंची खात्री पटावी म्हणून मी ऐटीत लॅपटॉप उघडला, हजार आकडे काढले आणि कुठला किती वेळा आला ते मोजायला लावलं. एक्केचाळीसपर्यंत सगळे हजर. बेचाळीस, शून्य. 'एक ते बेचाळीस' लिहिलं की तो हुकूम बेचाळिसाच्या अलीकडंच थांबतो, हे क्लासात पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी तेव्हा वहीला समास आखत होतो. बाईंसमोर मला फार लाज वाटली.

चूक त्याच संध्याकाळी दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं, तर सतरा. मग पाच. मग पुन्हा सतरा. तीन दिवस ती पोरगी पुस्तक उघडून, ओळीवर बोट ठेवून बसली होती. आकडे आता अगदी बरोबर पडत होते आणि त्यांना माझ्या अपराधाशी काही देणंघेणं नव्हतं.

चौथ्या दिवशी मी लॅपटॉप मिटला. "बेचाळीस, ऊठ."

ती उठली. "सर, खरंच आला नंबर?"

"आला की," मी म्हणालो.

मिटलेला लॅपटॉप सगळ्या वर्गाला दिसत होता. कुणीही चकार शब्द काढला नाही. ती वाचायला लागली.