पिवळी बत्ती, डावं पुढचं चाक

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग उत्तरेकडच्या एका खिंडीखाली होती. रँक हवालदार, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. सकाळी पीटी, मग गाड्यांची फर्स्ट परेड: तेल, पाणी, टायर, ब्रेक. वर्कशॉपच्या नव्या ॲम्ब्युलन्सवर नाईक जनार्दन ड्रायव्हर होता, नवी मुंबईतल्या शिरवण्याचा. मी साताऱ्याचा. सगळ्या युनिटात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे जेवायलाही तोच आणि भांडायलाही तोच.

नव्या गाडीवर त्याचा जीव नव्हता. "उस्ताद, बत्त्या जास्ती, भरोसा कमी," तो म्हणायचा.

एका सकाळी फर्स्ट परेडला एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल या दोन्ही बत्त्या एकदम लागल्या. त्या एकदमच लागतात, कारण चाकाचा वेग मोजणारे सेन्सर दोघांचे एकच. बत्ती लागली म्हणजे ब्रेक गेले असं नाही. साधे ब्रेक चालू असतात; घसरणीवर चाक जाम होऊ न देणारी सोय तेवढी बंद पडते. मी चाक खोललं. सेन्सरवर चिखल गोठला होता. साफ केला, टेस्ट रन घेतली, बत्त्या विझल्या. 'फिट' लिहून सही केली.

दुपारी वायरलेस आला. "पोस्ट पे कॅज्युअल्टी. ॲम्ब्युलन्स मूव्ह." जनार्दनने जखमी जवानाला खालच्या हॉस्पिटलात वेळेत पोचवलं. नर्सिंग असिस्टंट पेशंटपाशी थांबला आणि जनार्दन एकटाच परत निघाला.

"चार्ली थ्री, पोझिशन? ओव्हर."

"पुल पार कर लिया. रोड क्लिअर. ओव्हर."

त्यानंतर चार्ली थ्रीकडून, म्हणजे जनार्दनच्या गाडीकडून, उत्तर आलं नाही. डोंगराची कड रस्त्यासकट, गाडीसकट खाली आली होती. कोर्ट ऑफ इन्क्वायरीने गाडी तपासली. ब्रेक ठीक होते.

पण वाईट बातमीला पाय फुटतात. सकाळी गाडीत ब्रेकची बत्ती लागली होती, एवढंच कुणीतरी सुमनवहिनींच्या, म्हणजे जनार्दनच्या बायकोच्या कानावर घातलं. रिटायर होऊन मी नवी मुंबईतच, खांदेश्वरला फ्लॅट घेतला तेव्हापासून ब्रेक ठीक होते हे त्यांना समजावतो आहे. त्या मान डोलावतात आणि चहा ठेवतात. पटलेलं मात्र काही नाही.

यंदा त्यांच्या मुलीने, प्राचीने, जुनी गाडी घेतली. ती फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघरी पेशंटकडे जाते. दसऱ्याला पूजा झाली आणि दोन आठवड्यांत डॅशबोर्डवर त्याच दोन पिवळ्या बत्त्या. वहिनींनी चावी कमरेला खोचली.

"बत्ती इझल्याबिगर चावी मिलनार नाय. नायतर इकून टाकते गाडी."

प्राचीने मला फोन केला. "काका, आई ऐकतच नाहीये. पेशंट किती दिवस थांबतील? दुसरा फिजिओ बघतील ते."

वहिनींची समजूत घालून चावी घेतली आणि पहिलं गॅरेज गाठलं. तिथल्या माणसाने स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड पुसला आणि "झालं काका, टेन्शन नको" म्हणाला. उरण फाटा येईपर्यंत बत्त्या पुन्हा हजर. पावणे गावातल्या दुसऱ्या गॅरेजवाल्याने तर चाकाकडे वाकूनही पाहिलं नाही. सरळ अख्खं एबीएस युनिट बदला म्हणाला. माझं डोकं फिरलं. ताप आला म्हणून थर्मामीटर झटकायचा, नाहीतर थेट ऑपरेशन करायचं, यांच्याकडे मधलं काही नाहीच. फौजेत असं काम केलं असतं तर सुभेदार साहेबांनी गाडीखालीच झोपायला लावलं असतं.

शेवटी वहिनींच्या दारात मीच बाह्या सरसावल्या. मोबाईलला जोडायचा स्कॅनर माझ्याकडे आहे. प्राचीला शेजारी बसवून चारही चाकांचा वेग वाचायला लावला. सरळ रस्त्यावर चारही आकडे सारखे. उजवीकडे पूर्ण वळलो.

"काका, डावं पुढचं झिरो."

"बाकीचे?"

"बाकीचे ओके."

म्हणजे युनिट ठीक होतं. वळताना सेन्सरची वायर तुटत होती आणि सरळ झाल्यावर जुळत होती. स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवून ठेवलं, चाक काढलं, बॅटरीचा उजेड मारला. वायर शॉकॲब्सॉर्बरला काळ्या दोऱ्याने करकचून बांधलेली. दोऱ्यात बिब्बा आणि एक खिळा. चाक वळलं की वायरला ताण बसायचा. आतली तांब्याची तार तुटली होती, वरचं रबर मात्र शाबूत.

एवढे दिवस वणवण केली ती या दोऱ्यापायी. मी ओरडलोच. "कुठल्या शहाण्याने बांधलं हे? ब्रेकच्या वायरीला कुणी गाठ मारतं? माणसं मरतात अशाने."

वहिनी ओट्यावर उभ्या होत्या. "मीच बांधला," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला. चाकाजवल बांधायचा असतो."

मी दोरा सोडवला. वायरीसकट नवा सेन्सर आणला, वायर तिच्या क्लिपांमध्ये बसवली, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून ताण पाहिला. कोड पुसून गावातून एमआयडीसीच्या रस्त्याने मोठी फेरी मारली. ब्रेक कचकचून दाबले, उजवीकडे वळलो, डावीकडे वळलो. बत्त्या लागल्या नाहीत.

"आई, दे आता चावी माझ्याकडे," प्राची म्हणाली. आम्ही परतताच वहिनींनी ती माझ्याकडून घेऊन मुठीत धरली होती. मूठ उघडली नाही.

"भावजी, त्यांनापन दोरा दिलेला मी. शेवटच्या सुट्टीला. गाडीला बांधा म्हनले." त्या खालच्या आवाजात बोलत होत्या. "त्यांनीपन वायरीलाच बांधला असंल तर?"

ही भीती त्यांना इतकी वर्षं नव्हती. ती मी दिली होती, दोन तासांपूर्वी, दारात उभं राहून ओरडून. जनार्दनची शवपेटी सीलबंद आली होती, उघडायला परवानगी नव्हती. त्याला त्यांनी पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं होतं. दरडीखालून त्याला काढणाऱ्या पार्टीत मी होतो.

"गाडीला नव्हता बांधला, वहिनी. उजव्या मनगटाला होता. मी स्वतः पाहिला."

"मंग काय केलात त्याचा?"

"सोडला नाही. तसाच ठेवला हातावर."

वहिनींनी चावी प्राचीच्या हातात दिली आणि त्या आत गेल्या. आम्ही दोघं गाडीपाशी उभे राहिलो. बाप गेला तेव्हा प्राची पहिलीत होती.

"काका," तिने विचारलं, "बाबांचे हात कसे होते?"

"काळे," मी म्हणालो. "ग्रीसने. धुतले तरी डाग जायचे नाहीत."