"याचप्रमाणे" म्हणून सोडलेली ओळ

माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात एक ओळ होती: "याचप्रमाणे कोएंडसाठीही सिद्ध होते." पाच दिवसांत प्रबंध द्यायचा होता. रविवारी दुपारी, कारखान्यांचा वास आत येऊ नये म्हणून बोईसरच्या भाड्याच्या घराच्या खिडक्या लावून, मी शेवटचं वाचन करत होते. त्या ओळीशी अडले. याचप्रमाणे म्हणजे कसं गं बाई?

विषय सांगते, घाबरू नका. ठिपके आणि त्यांना जोडणारे बाण, असं एक जाळं समजा. प्रत्येक ठिपक्यावर थोडी माहिती. ती बाणांच्या दिशेनं सांधून जे एकसंध तयार होतं, ते कोलिमिट. दरवेळी सगळे ठिपके बघावे लागत नाहीत; मोजके बघूनही उत्तर तेच येतं. सगळीकडून एकाच ठिपक्याकडे नेमकी एकेक वाट जात असेल, तर तो एकटाही पुरतो. या पुरण्याला कोफायनल असणं म्हणतात. कोएंड हा कोलिमिटचा भाऊच, पण त्यातली माहिती दुतोंडी: एक तोंड बाणाबरोबर जातं, दुसरं बाणाच्या उलट. आणि एकाला जे पुरतं ते दुसऱ्यालाही पुरणारच, असं मी सहा वर्षं धरून चालले होते.

कोरा कागद घेतला. दोन ठिपके, एक बाण. याहून सोपं उदाहरण काय असणार? कोएंड नीट काढला की दोन घटक येत होते. शेवटच्या ठिपक्यापुरतं बघितलं की एकच. तीनदा केलं. दोनाचा एक काही होईना. कपाळावर हात मारून घेतला. पालघरच्या कॉलेजात मी मुलांना "याचप्रमाणे लिहू नका, करून दाखवा" म्हणून दटावते, आणि स्वतः? लाज वाटली, अगदी खरी लाज.

गाइडसरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "तपासणारे तिथपर्यंत पोचत नाहीत. आत्ता देऊन टाका, पुढे सुधारू. मुदतवाढ संपलीय तुमची, आता नाही दिलात तर नव्यानं नोंदणी करावी लागेल."

"सर, पण ते खोटं आहे."

"मॅडम, जरा व्यवहार बघा."

माझं डोकंच फिरलं. व्यवहार बघायचा असता तर या विषयाच्या वाटेला गेले असते का मी? प्रबंध देणार नाही, असं सांगून फोन ठेवला.

खरी भीती आईची होती. ती दातिवऱ्याला मासळी विकते, आणि पोर डॉक्टर होणार हे तिनं अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. त्याच संध्याकाळी गेले. ती ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. सगळं सांगून टाकलं: चूक सापडलीय, ते प्रकरण नव्यानं लिहिणार, आणखी दोन वर्षं तरी जातील. ठिपके बघून भागणार नाही, एकेक बाण तपासावा लागेल, एवढंच मला तोवर कळलं होतं.

"चूक कोनाला दिसली?" तिनं विचारलं.

"मलाच. दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती."

ती हात झटकून उठली.

"उद्या बाजारात मीच सांगन सगल्यांना. पोर नापास नाय झाली. तिनंच कागद मागं घेतले."