नेच्यातला भुंगेरा

सकाळपासून एलुनेदचा पाय एका जागी ठरत नव्हता. हिवाळ्यात पक्षाघाताचा झटका आला आणि तिच्या थोरल्या भावाची, इथेलची, वाचाच गेली. आज दवाखान्याच्या रोन्वेनबाई त्याचं बोलणं तपासायला येणार होत्या. गरजेला हाक मारता आली तर इथेल घरी, नाहीतर रवानगी वृद्धाश्रमात. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. डोंगरावरच्या त्या घरात तिला दुसरं होतं तरी कोण?

रोन्वेनबाईंनी चित्रं मांडली. सफरचंद, बस, छत्री. इथेल ढिम्म. जन्मभर नदीत उभं राहून ट्राउट मासे धरणाऱ्या माणसाला छत्रीशी काय देणंघेणं, पण हे बाईंना कोण सांगणार?

एलुनेदला राहवेना. जूनचं ऊन चढलं होतं. ती तडक चढावरच्या नेच्यांत घुसली आणि मुठीत एक भुंगेरा घेऊन आली. तांबूस पंख, हिरवं-काळं डोकं. एवढ्याशा जिवाला नावं तरी किती! मेंढपाळ नेच्यातला भुंगा म्हणत, पोरं जूनचा किडा म्हणत. त्याची अळी, हुमणी, कुरणाची मुळं खायची, म्हणून एलुनेदचा बाप काय म्हणायचा ते लिहिण्यासारखं नाही. इथेल मात्र एकच नाव घ्यायचा, कॉखाबॉन्दी. मोरपिसाचे तंतू आणि कोंबड्याचं काळ्या बुडाचं तांबडं पीस गळाला गुंडाळून तो असा नकली भुंगेरा बनवायचा, की मासे हमखास फसत.

तिने भुंगेरा त्याच्या तळव्यावर ठेवला. "हे कोण रे, इथेल?"

भुंगेरा मनगटावर चढू लागला तसे इथेलचे ओठ हलले. "कॉखा... बॉन्दी."

एलुनेदचे डोळे भरून आले.

"छान," रोन्वेनबाई म्हणाल्या. "पण किड्याच्या नावाने भागणार नाही. तुम्ही जरा आत जा. इथेल, आता बहिणीला बोलवा बघू."

स्वयंपाकघरात ती किटली उगाच इकडची तिकडे करत राहिली. बाहेर काही ऐकू येईना. एवढं माझं नाव घे रे बाबा, ती पुटपुटली, मग पुन्हा कधी बोलला नाहीस तरी चालेल.

बाहेर खुर्चीचा हात दणकन वाजला आणि इथेल वैतागून ओरडला, "कॉखाबॉन्दी!"

तिला भडभडून आलं. साठ वर्षांची पाठची बहीण, आणि हाक किड्याच्या नावाने. पदरी पडलं ते घेऊन, डोळे पुसत ती बाहेर आली. "आले रे, आले. काय हवंय?"

त्याने रिकाम्या कपाकडे बोट केलं.

रोन्वेनबाई चित्रं गोळा करू लागल्या. "राहू दे त्यांना घरी," त्या म्हणाल्या.

हल्ली एलुनेद त्याच नावाला ओ देते.