दोन रेषांमधली जागा

आमच्या येरवड्याच्या सोसायटीतल्या कथिलकाकूंना उघडं तांबं बघवत नसे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग केलं होतं. निवृत्तीनंतर त्या तळमजल्यावर एकट्या राहत आणि इमारतीसाठी दारावरची घंटा, टाकी भरल्याचा भोंगा असं काहीबाही बनवत. त्याचा सर्किट बोर्डही घरचाच. तांब्याचा पत्रा चिकटवलेल्या पट्टीवर पक्क्या शाईने रेषा काढायच्या, बाकीचं तांबं द्रावणात विरघळवायचं आणि उरलेल्या प्रत्येक तांबड्या रेषेवर गरम सोल्डरिंग आयर्नने कथिलाचा पातळ थर चढवायचा. म्हणून कथिलकाकू.

वरून नुसतं व्हार्निश मारलं तर चालणार नाही का, असं मी एकदा विचारलं. "चालेल की. तुमच्या घरी लावू तसला," त्या म्हणाल्या.

त्यांच्या रेषा इतक्या जवळ असत की मधे नख शिरत नसे. तरी कथिल कधी शेजारच्या रेषेवर सांडलं नाही. पुढे मात्र त्याच भोंग्याचा काडेपेटीएवढा बोर्ड तळहाताएवढा झाला. मी मोजपट्टी लावून पाहिली. एका मिलिमीटरचं अंतर चारवर गेलं होतं. काकूंनी आयर्न खाली ठेवून उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता.

"मुलाला बोलू नका. कळलं तर गॅस पेटवू देणार नाही, हिंजवडीला नेऊन ठेवेल."

मुलगा रविवारी यायचा. बोर्ड एवढा मोठा का, असं त्यानेही विचारलं. काकू म्हणाल्या, "तुला तीन बेडरूम लागतात. रेषांनीच काय म्हणून अंग चोरून राहायचं?" तो हसला. मी पेपर वाचत राहिलो.

गेल्या वर्षी काकूंनी बसवलेला नवा भोंगा टाकी रिकामी असतानाच वाजू लागला आणि थांबेना. त्यांनी तो काढून आणला, भिंगाखाली धरला. दोन रेषांना जोडत कथिलाचा एक थेंब आडवा पडला होता. त्यांनी तो खरवडला, भोंगा परत लावून घेतला. तो नीट चालला. "थेंब पडलेला मला कळलाच नाही," एवढंच मला म्हणाल्या आणि त्यांनी आपणहून मुलाला फोन केला.

काकूंचं सामान मुलाच्या गाडीत चढवताना मी म्हटलं, "काकू, अंतर अजून थोडं वाढवून निभलं असतं."

"बोर्ड पोळपाटाएवढासुद्धा केला असता हो," त्या म्हणाल्या. "पण उकळतं दूध हातापासून किती लांब ठेवणार?"