सात अक्षरांचा परका

पनवेलच्या कोर्टाजवळ आमचं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार. एका टेबलाशी मी, दुसऱ्याशी हे. मला ह्यांनी आयुष्यभर ‘अगं’ म्हटलं आणि मी ह्यांना ‘अहो’. नाव घेतलं ते लग्नात, उखाण्यापुरतं. गिऱ्हाइकं हसायची. दिवसभर दुसऱ्यांची संपूर्ण नावं टाइप करणारी दोन माणसं एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत, याची त्यांना गंमत वाटायची.

ह्यांचं दुखणं वाढलं तेव्हा दुकानातला एक कॉम्प्युटर घरी आणला, पलंगाशेजारी. बसवत नव्हतं तरी दुपारी अर्धा-पाऊण तास ह्यांची बोटं चालायची. मी डोकावले की पडद्यावरचं झाकायचे. “काय लिहिताय?” विचारलं तर म्हणाले, “अगं, झालं की दाखवतो. तुझ्यासाठीच आहे.” मी वैतागले. औषधाची वेळ टळत होती आणि ह्यांना लपवाछपवी सुचत होती. तसं बोलूनही दाखवलं. आता ते आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

दाखवायचं राहूनच गेलं. दिवसकार्य आटोपल्यावर मी कॉम्प्युटर सुरू केला. तो लावला की सरळ माझंच अकाउंट उघडायचं. एकेक फोल्डर उघडून पाहिला. भाडेकरार होते, वारस नोंदीचे अर्ज होते, एका सोसायटीची भांडणं होती. माझ्यासाठी काहीच नव्हतं. पुसून टाकलं असेल, नाहीतर लिहिलंच नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तरी शोध संपला नाही. काम नसलं की पुन्हा तेच फोल्डर उघडून बसायचे.

पोटासाठी तो कॉम्प्युटर परत दुकानात नेला. टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं, प्रिंट निघेना. अपडेट करायला घेतलं तर मध्येच एक चौकट आली. बदल करायचा असेल तर मुख्य अकाउंटचा पासवर्ड द्या. वर त्या अकाउंटचं नाव होतं. व्ही, एक्स, ए, व्ही, जी, के, एस. सलग सात इंग्रजी अक्षरं, ना शेंडा ना बुडखा. असलं नाव मी जन्मात पाहिलं नव्हतं. ह्यांची जन्मतारीख टाकून पाहिली, दुकानाचं नाव टाकलं, लग्नाची तारीख टाकली. प्रत्येक वेळी चूक. म्हणजे हे आमचं नव्हेच, असं मी धरून चालले.

मी घाबरले, आणि घाबरले की मला राग येतो. खारघरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. भला माणूस. त्याने बराच वेळ खटपट केली, मग म्हणाला, “वहिनी, तुमचं अकाउंट साधं आहे. मालक हा दुसराच आहे. कोणाचं आहे?”

“मला काय माहीत? कोणीतरी परका घुसलाय. हाकला त्याला.”

“मग सगळं कोरं करून नव्याने टाकावं लागेल. तुमच्या फाइल पेन ड्राइव्हवर घेतो. पण ह्या अकाउंटच्या फाइलींना कुलूप आहे, आत काय असेल ते मला दिसत नाही. ते जाईल.”

“जाऊ दे.”

त्याने पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर लख्ख झाला, सॉफ्टवेअर अपडेट झालं, प्रिंट निघाली. त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी मला बरं वाटलं होतं.

पुढच्याच आठवड्यात बेलपाड्याची एक बाई आली. नवरा मारायचा, तिला अर्ज करायचा होता. ती सांगत होती, मी तिच्या तोंडाकडे पाहत टाइप करत होते.

“लिव बाय. तो दारू पिऊन आला नि बोलला, गो, दार उघड, नाय तर बघ.”

अर्जात ‘गो’ चालत नाही, म्हणून मी ‘अगं’ केलं. ओळ पुरी करून पडद्याकडे पाहिलं तर सगळा इंग्रजी कचरा. आमचा मराठी फाँट जुन्या पद्धतीचा. बटणं इंग्रजीचीच, फाँट मराठी निवडला तर अक्षर मराठी उमटतं, विसरलं तर त्याच बटणाचं इंग्रजी अक्षर पडतं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तो दर वेळी निवडावा लागायचा आणि मी विसरले होते. पुसायला हात नेला आणि ‘अगं’च्या जागी पाहिलं. व्ही, एक्स, ए.

त्या परक्याचं नाव असंच सुरू होत होतं. खालच्या ओळीवर मी ‘अहो’ टाइप केलं. व्ही, जी, के, एस.

सातही अक्षरं मी एकत्र लिहिली, निवडली, वर मराठी फाँट लावला. पडद्यावर उमटलं, ‘अगंअहो’.

“बाय, काय झाला?” ती बाई विचारत होती. मी तिला थांबायला सांगून दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्या अकाउंटमधलं परत निघेल का, विचारलं. तो म्हणाला, “वहिनी, त्याच्यावर सगळं नवीन चढवलंय. आता काही निघायचं नाही. मी विचारलं होतं तुम्हाला.”

विचारलं होतं. दोनदा.

मी ती सात अक्षरं पुसली आणि त्या बाईचा अर्ज पुरा करून दिला. फाइलीत काय होतं ते मला कधीच कळणार नाही. पान होतं की नुसती ओळ, तेही नाही. मला कळतं ते एवढंच, की पलंगावर पडल्या पडल्या ह्यांनी आम्हा दोघांचं एक घर केलं होतं, आणि कोणाचं आहे म्हणून विचारलं तेव्हा मी परक्याचं म्हणाले.