रोममध्ये अडवलेलं टेबल

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर पोचेपर्यंतच माझं डोकं फिरलं होतं. कॅमेऱ्याच्या बॅगेत लेन्ससाठी केलेल्या कप्प्यात मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, तयार उपम्याची पाकिटं कोंबली होती. वर मलाच विचारलं, "युरोपात आईंना काय खायला घालणार आहेस?" मी पाकिटं काढून तिच्या पर्समध्ये टाकली आणि सगळ्यांना ताकीद दिली, की या सहलीत फोनने फोटो काढायचे नाहीत. फोटो मी काढणार, नीट, कॅमेऱ्याने.

या हट्टाला कारण होतं. आईने नाशिकच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. गेल्या वर्षापासून ती विसरायला लागली. आधी चष्मा, मग नावं, मग जेवण झालं की नाही तेही. मी तिला जुरोंग ईस्टच्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "कुठे फिरवून आणायचं असेल तर लवकर न्या. फोटो काढा, रोज दाखवा, त्यांना बोलतं करा." रोमन साम्राज्य शिकवताना आई वर्गात म्हणायची, "मी पाहिलेलं नाही, तुम्ही पाहा." ते तिने पाहावं आणि पाहिलेलं तिच्याजवळ राहावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून जूनच्या शाळेच्या सुटीत आम्ही निघालो: आई, मेधा, माझी तेरा वर्षांची मुलगी इरा आणि मी.

पहिलं शहर प्राग. तिथल्या जुन्या दगडी पुलाचे फोटो मी वर्षानुवर्षं पाहत आलोय, त्यात पूल कायम रिकामा आणि धुक्यात असतो. हे फोटो काढणाऱ्यांना एकदा गाठून जाब विचारला पाहिजे. सकाळी लवकर गेलो तरी पुलावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. मला हव्या त्या पुतळ्याला टेकून पांढऱ्या झग्यातली एक बाई उभी होती आणि तिचा नवरा गुडघे टेकून फोनने तिला टिपत होता. त्यांचं काही संपेना. शेवटी मी त्याला म्हटलं, जरा सरकता का, मला फोटो काढायचाय. "आम्हीही त्यासाठीच आलोय," तो इंग्रजीत शांतपणे म्हणाला. त्याचं बरोबर होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला.

दुपारी स्माझेनी सीर (पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं चीज) खाल्लं. आईने एक तुकडा मोडून पाहिला आणि म्हणाली, "वडा म्हणून खायचा. चटणी तेवढी राहिली." आम्ही हसलो. मी तिचा त्या बशीसकट फोटो काढला. तो चांगला आला होता.

व्हिएन्नात ऊन इतकं, की सिंगापूर परवडलं. तिथे निदान आत शिरलं की एसी असतो. राजवाड्याच्या दारात तिकिटावरची वेळ हुकली म्हणून आम्हाला परत पाठवलं. वेळ हुकली, कारण आई बागेतल्या बाकावरून उठेना. ती मला म्हणत होती, "विनू, नाशिक आलं की उठव मला." मी दारावरच्या माणसाशी भांडलो, मग मेधाशी. इरा मात्र आजीशेजारी बसून राहिली होती. तिच्या मोडक्या मराठीत तिने आजीला सांगितलं, "आजी, नाशिक अजून लांब आहे. यू स्लीप फर्स्ट."

रोमला मात्र सगळं जुळून आलं. कलोसियमच्या आत वरच्या मजल्यावर कठड्याशी आई थांबली, पदर खोचला आणि इराकडे वळून अचानक शिकवायला लागली. आवाज थेट वर्गातला. सम्राट कुठे बसायचा, लोक कुठे, जनावरं खालून कशी आणायचे. एकही नाव अडलं नाही. आजूबाजूचे चार परदेशी लोकही मराठी ऐकत उभे राहिले. मी फोटो काढत सुटलो. तिचा वर उचललेला हात, मागे त्या कमानी, आ वासून ऐकणारी इरा. एवढे चांगले फोटो मी आयुष्यात काढले नव्हते. माझे डोळे भरून आले होते आणि मला धड दिसत नव्हतं.

त्यानंतर जवळच्या एका पियाझ्झात (चौकात) जेवायला गेलो. टेबलं बाहेर मांडलेली, पण खाणं आत जाऊन घ्यायचं. मेधा आईला स्वच्छतागृहात घेऊन गेली. मी कॅमेऱ्याची बॅग इराकडे दिली आणि म्हटलं, "टेबल पकड." मी आत रांगेत उभा राहिलो. जरा वेळाने पाहतो तर इरा माझ्या शेजारी.

"बाबा, माझ्या पिझ्झावर ऑलिव्ह नको."

"बॅग कुठाय?"

"टेबलवर. चोप केलंय."

चोप करणं म्हणजे जागा अडवून ठेवणं. सिंगापूरच्या कुठल्याही हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत) लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट, छत्री, काय असेल ते टाकतात आणि निवांत रांगेत जातात. कोणी हात लावत नाही. वन-नॉर्थ भागातल्या माझ्या ऑफिसच्या जेवणाच्या सुटीत मी स्वतः रोज माझं ओळखपत्र टेबलावर टाकून जातो.

मी धावत बाहेर आलो. टेबल रिकामं होतं. कॅमेरा, लेन्स, जादा कार्डं, प्रागपासूनचा प्रत्येक फोटो त्या बॅगेत होता. हॉटेलांमधल्या रडक्या इंटरनेटवरून मी एकही घरी पाठवू शकलो नव्हतो.

मग मी ओरडलो. भर चौकात, तोंडाला येईल ते. अक्कल गहाण टाकलीस का, कळतं का तुला काय घालवलंस, आजीचं सगळं घालवलंस. इरा रडत एवढंच म्हणाली, "आय ओन्ली चोप द टेबल, व्हॉट! यू आस्क मी टू!" त्यावर मी आणखी ओरडलो. मेधा आईचा हात धरून चौकाच्या कडेला थबकली होती.

पोलीस चौकीतल्या अधिकाऱ्याने पुन्हा पुन्हा विचारलं, "टेबलावर ठेवली? आणि सगळे निघून गेलात?" मी सिंगापूरचं नाव घेतल्यावर तो हसला. त्याच्या त्या हसण्याचा राग मला विमानात बसेपर्यंत पुरला.

परत आल्यावरच्या रविवारी सेम्बावांगहून आमची मैत्रीण विदुला आली, फोटो पाहायला म्हणून. फोटो नाहीत, हे सांगतानाही माझा आवाज चढला. मग तिने आईलाच विचारलं, "काकू, तुम्हीच सांगा, काय काय पाहिलंत?"

मी विचारून थकलो होतो. प्राग नाही, व्हिएन्ना नाही, कलोसियम तर नाहीच. आईच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. पण त्या दिवशी ती विचार करून बोलली.

"एक मोठा चौक होता बघ. तिथे एक माणूस लहान पोरीवर ओरडत होता. केवढा ओरडत होता! पोर बिचारी थरथरत होती."

"कोण होता?" विदुलाने विचारलं.

"कोण जाणे. आपल्यातलाच असावा, मराठीत बोलत होता."

इरा मोबाइल खाली ठेवून माझ्याकडे पाहत होती. मेधा चहाचे कप उचलायला उठली आणि तशीच उभी राहिली. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसं आईला मी बोलतं केलं होतं. सगळ्या युरोपातून मी तिच्यासाठी हे एवढं आणलं होतं.

आई माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात नाराजी होती.

"विनू, तू होतास ना रे तिथे? मग त्याला गप्प का नाही केलंस?"